आकड्यांचे दळणवळण

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, जे पाणी साठते त्याची मोजदाद करताना पाटबंधारे खाते दशलक्ष घनमीटर, म्हणजे संक्षेपाने दलघमी, हे परिमाण वापरते. तेच पाणी नाशिक-नगरच्या धरणांशी वाटणीच्या वादात सापडले की वकील आणि पुढारी ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजू लागतात. दरवाजे उघडून ते गोदापात्रात सोडले की वर्तमानपत्रे त्याचे क्युसेक करतात. पंपांनी उचलून ते छत्रपती संभाजीनगराकडे चढवले की महानगरपालिकेच्या कागदावर त्याचे एमएलडी, म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर, होतात. आणि वाळूजच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकातून ते आत शिरले की तिथल्या मापकावर तेच पाणी घनमीटर प्रति तास या वेषात उमटते. पाणी एकच, पण त्याच्या दफ्तरी नोंदी पाच तऱ्हांच्या.

रूपांतराचे गणित अवघड नाही. एका घनफुटाचे २८.३२ लिटर होतात, तेव्हा एका टीएमसीचे २८.३२ दलघमी आणि एका क्युसेकचे सेकंदाला २८.३२ लिटर हे एकच सूत्र पाठ केले की माध्यमिक शाळेतला मुलगाही जायकवाडीचा २९०९ दलघमीचा पूर्ण साठा १०२.७ टीएमसी आणि त्यातला २१७१ दलघमीचा उपयुक्त साठा ७६.७ टीएमसी असल्याचे सांगेल. परंतु माणूस माणसाला आकडा सांगतो तेव्हा त्या आकड्याभोवती एक मोठा अलिखित करार उभा असतो. ऐकणाऱ्याला ठाऊक असते की बोलणारा धरणावरचा आहे की नळखात्यातला, त्यावरून तो परिमाण ताडतो, आवाजातली घाई किंवा संकोच ओळखतो, आणि संशय आलाच तर पुन्हा विचारतो. एका संगणकावरची आज्ञावली दुसरीला आकडा देते तेव्हा यातले काहीच उपलब्ध नसते. १४० हा आकडा तारेवरून आला तर तो १४०च. तो लिटरांचा की घनमीटरांचा, आताचा की काल रात्रीचा, मापकाने खरोखर मोजलेला की मापक बंद पडण्यापूर्वीचा शेवटचा, हे त्या आकड्याच्या अंगावर कुठेही लिहिलेले नसते. औद्योगिक पर्यवेक्षणाच्या आज्ञावल्यांनी, ज्यांना कारखान्यांतून सर्रास ‘स्काडा’ म्हणतात, गेल्या चाळीस वर्षांत एकमेकींशी बोलण्याचा जो खटाटोप केला त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की तार जोडण्याचा प्रश्न पुष्कळ लवकर सुटला. जो बेबनाव अजून पुरता मिटलेला नाही तो अर्थाचा आहे, आणि त्याहून अधिक, त्या आकड्याला जबाबदार कोण याचा आहे.

या शहराला पाण्याच्या बंदोबस्ताचा वारसा मोठा आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली आणि काही वर्षांतच डोंगरपायथ्याचे भूगर्भातले पाणी खापरी नळांनी आणि भूमिगत बोगद्यांनी गावात खेळवणारी नहर बांधली. तिच्यावरचे जलस्तंभ, ज्यांना इथले लोक बंबे म्हणतात, नळातील दाब आणि हवा यांचा निचरा करीत. पुढे अठराव्या शतकात याच परंपरेतल्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. या सबंध योजनेत पाणी उताराने चालत होते आणि बंब्यापाशी उभा असलेला माणूस जे डोळ्यांनी पाहत होता तेच त्याच्या निर्णयाला पुरेसे होते. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी ज्याची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जे राष्ट्राला अर्पण झाले त्या जायकवाडीच्या धरणाने हा सरळ हिशेब उलटा केला. आता पाणी सुमारे चाळीस किलोमीटर दूर आणि शंभर मीटरांहून अधिक खाली असते. ते उपसायचे, फारोळ्याला शुद्ध करायचे, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचे आणि मग शहरातल्या उंच टाक्यांत वाटायचे. वाटेतल्या कोणाही एका माणसाला सगळे पाणी एकदम दिसत नाही. प्रत्येकाला दिसतो तो आपल्या हद्दीतला तुकडा आणि दुसऱ्याच्या हद्दीतून आलेला आकडा. दीर्घकाळ हा आकडा दूरध्वनीवरून येई व टपोऱ्या अक्षरांत रोजवहीत उतरे. आज तो पडद्यावर येतो, आणि पडद्यावर आलेल्या आकड्याविषयी माणसाच्या मनात जो एक अकारण आदर असतो तोच या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे.

जायकवाडीने शहराच्या उद्योगांनाही जन्म दिला. वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्‌घाटन नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्याच्या पाठोपाठ सुटे भाग बनवणारे, औषधे बनवणारे, बीअर गाळणारे असे नाना प्रकारचे उद्योग या माळावर उभे राहिले. त्या काळी यंत्रावर देखरेख म्हणजे रिले, दिवे आणि सुईचे काटे यांनी भरलेले पॅनेल. मग पीएलसी आले. पीएलसी हा यंत्रापाशी बसलेला छोटा हुकूमबरदार: झडप उघड, पंप बंद कर, पातळी पाहा. त्याच्या स्मृतीत हजारो आकडे क्षणाक्षणाला बदलत असतात. ते आकडे गोळा करून माणसाला चित्ररूपाने दाखवणे, मर्यादा ओलांडली की अलार्म देणे, इतिहास साठवणे आणि माणसाचा हुकूम परत खाली पोहोचवणे हे स्काडाचे काम. प्रत्येक आकड्याला एक नाव असते. त्याला ‘टॅग’ म्हणतात. मध्यम आकाराच्या कारखान्यातही हे टॅग सहज काही हजार असतात.

अडचण अशी की पीएलसी बनवणारा प्रत्येक जण आपली बोली वेगळी ठेवी. मॉडिकॉनने १९७९ साली जाहीर केलेली मॉडबस ही त्यातली साधी आणि म्हणून सर्वत्र रुजलेली बोली; पण तिच्या जोडीला सीमेन्सची वेगळी, ॲलन-ब्रॅडलेची वेगळी, मित्सुबिशीची वेगळी. दहा स्काडा आणि वीस पीएलसी बाजारात असतील तर कागदावर दोनशे दुभाषे लिहायला हवेत, आणि ते प्रत्येक स्काडाविक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने लिहायचे. खेरीज कारखान्याच्या जमाखर्चाची आज्ञावली, प्रयोगशाळेची आज्ञावली, देखभालीची आज्ञावली या सगळ्या त्याच आकड्यांसाठी तगादा लावून उभ्याच.

पहिला तोडगा कारखान्यांसाठी काढलेला नव्हताच. मायक्रोसॉफ्टने १९८७ साली विंडोजमध्ये डीडीई नावाची एक सोय ठेवली. तिच्यात एका आज्ञावलीने दुसरीकडे आकडा मागायचा तो तीन पायऱ्यांनी: आधी आज्ञावलीचे नाव, मग विषयाचे, मग त्या विषयातल्या बाबीचे. एवढे सांगितले की आकडा बदलेल तसतसा मागणाऱ्याकडे आपोआप येत राही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या वंडरवेअर या कंपनीने आपले इनटच नावाचे पर्यवेक्षणाचे सॉफ्टवेअर विंडोजवर उभारले आणि डीडीईचा उपयोग इतक्या हिरिरीने केला की ही सोय दोन संगणकांमधल्या तारेवरून चालवणारी नेटडीडीई तिनेच घडवली व ती पुढे मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या विंडोजमध्ये घेतली. एक्सेलच्या एका घरात बरोबरचे चिन्ह, व्ह्यू हे नाव, उभी रेघ, टॅगनेम हा शब्द, उद्गारचिन्ह आणि टॅगचे नाव एवढे लिहिले की त्या घरात बॉयलरचा दाब जिवंत होऊन हलू लागे. ज्यांनी ही घटना प्रथम पाहिली त्या पिढीतले अभियंते अजूनही तिचे वर्णन करताना हात हलवतात. सकाळच्या बैठकीला लागणारा शिफ्टचा अहवाल, जो तोवर रात्रपाळीचा कारकून लॉगबुकावरून उतरवून काढी, तो आपसूक तयार होऊ लागला.

हा तोडगा चांगला होता, पण तो आकड्याला एकटाच पाठवीत होता. वाळूजच्या एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षात मी एक दृश्य पाहिले, त्यात या उणिवेचे सगळे सार आहे. कक्षात तीन पुरवठादारांचे तीन पडदे होते: बॉयलरचा एक, जलशुद्धीकरणाचा एक, आणि सबंध कारखान्याचा मिळून एक. तिन्हींवर मऊ पाण्याच्या एकाच टाकीची पातळी दाखवलेली. पहिल्यावर ६१, दुसऱ्यावर ६१.४, तिसऱ्यावर ५८ टक्के. पहिल्या दोहोंतला फरक पूर्णांकाचा. एक पडदा दशांश गाळतो, दुसरा गाळत नाही. तिसऱ्यावरचा ५८ मात्र हलतच नव्हता. जलशुद्धीकरणाच्या संगणकाशी असलेला त्याचा दुवा पहाटे कधीतरी तुटला होता आणि तुटण्यापूर्वी आलेला शेवटचा आकडा तो तितक्याच ठळक हिरव्या अक्षरांत दाखवीत बसला होता. पाळीवरच्या ऑपरेटरला हे ठाऊक होते. “त्या पडद्याकडं आम्ही बघतच नाही, सर,” तो शांतपणे म्हणाला, “शंका आली तर शिडी चढून काच बघून येतो.” टाकीच्या बाहेर काचेची नळी होती, तिच्यात पाणी दिसे. लाखो रुपयांची यंत्रणा शेवटी त्या नळीवर येऊन टेकलेली होती, आणि ऑपरेटरच्या वागण्यात मला तरी काही चूक दिसेना.

हीच उणीव हेरून १९९५ साली अमेरिकेत फिशर-रोझमाउंट, रॉकवेल सॉफ्टवेअर, इंटेल्यूशन, ऑप्टो २२ आणि इंट्यूटिव्ह टेक्नॉलॉजी या पाच कंपन्या एकत्र बसल्या व ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी ओपीसी या नावाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. मायक्रोसॉफ्टची ओएलई ही तऱ्हा, जिने एका दस्तऐवजात दुसऱ्या आज्ञावलीची वस्तू बसवता येई, तिच्या पायावर तो उभा होता. व्यवस्था अशी की पीएलसी बनवणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कोणी एक सर्व्हर लिहायचा, आणि ज्याला आकडे हवेत त्याने क्लायंट. दोघांनी मसुद्यातले ठरलेले शिरस्ते पाळले की कोणाचाही क्लायंट कोणाच्याही सर्व्हरशी बोलू शकतो. दोनशे दुभाष्यांचे काम तिसांवर आले.

तथापि या मसुद्याचा खरा मोठेपणा माझ्या मते त्या बचतीत नाही. त्याने असा नियम घातला की आकडा एकटा पाठवायचा नाही. त्याच्याबरोबर त्याची वेळ आणि त्याच्या विश्वासार्हतेचा शेरा ही दोन्ही गेलीच पाहिजेत. जुन्या सरकारी दफ्तरात बारनिशीवर चढल्यावाचून, म्हणजे तारीख, आवक क्रमांक आणि कारकुनाची सही यांवाचून, कोणताही कागद पुढच्या मेजावर सरकत नसे. ओपीसीने आकड्यांना तीच शिस्त लावली. शेऱ्याचेही अंक ठरलेले आहेत: १९२ असेल तर आकडा चांगला, ६४ असेल तर शंकास्पद, ० असेल तर वाईट, आणि मधल्या अंकांवरून कारणही कळते, की मापक बिघडला, दुवा तुटला, की कोणी हाताने आकडा भरला. हा शेरा वाचून पडद्याने ५८ हा आकडा करडा करायचा, त्यावर फुली मारायची, किंवा तिथे नुसते प्रश्नचिन्ह ठेवायचे, हे काम मात्र पडदा रंगवणाऱ्याचे. तो आळशी असेल तर तो शेरा सर्व्हरपासून क्लायंटपर्यंत इमानेइतबारे प्रवास करतो आणि शेवटच्या वीतभर अंतरात टाकून दिला जातो. वर सांगितलेल्या कारखान्यातल्या तिसऱ्या पडद्याचे हेच झाले होते: शेरा येत होता, तो दाखवण्याची तजवीज कोणी केली नव्हती. कारण विचारले तर उत्तर मिळाले की काम ताब्यात घेताना सगळे आकडे हिरवेच होते, लाल होईल तेव्हा कसे दिसेल हे कोणी तपासलेच नाही.

चुकीचा आकडा दुवा शाबूत असतानाही येऊ शकतो, आणि तेव्हा शेराही चांगलाच असतो. चिकलठाण्यात पॅनेल आणि स्काडाची कामे घेणाऱ्या एका अभियंत्याने मला कागदावर मांडून दाखवलेला प्रकार असा. मॉडबसमध्ये आकडे ज्या कप्प्यांत ठेवतात तो प्रत्येक कप्पा सोळा बिटांचा. दशांशाचा आकडा बत्तीस बिटांचा, म्हणून त्याला लागोपाठचे दोन कप्पे लागतात. या दोहोंत थोरला अर्धा भाग आधी ठेवायचा की धाकटा, हे मूळ मॉडबसने कधी ठरवूनच दिले नाही. प्रवाहमापक म्हणतो ५०. तो पहिल्या कप्प्यात १६९६८ आणि दुसऱ्यात ० ठेवतो. वाचणारी आज्ञावली कप्पे उलट क्रमाने जोडते आणि तिला जो आकडा मिळतो तो इतका सूक्ष्म, की दशांशचिन्हापुढे चाळीस शून्ये द्यावी तेव्हा कुठे पहिला अंक यावा. पडद्यावर अर्थात शून्य. “बाहेर पाइप थरथरतोय, मीटरच्या काचेवर ५० दिसतंय, आणि आत साहेब म्हणतात पंप चालू नाही,” तो सांगत होता. “अर्धी रात्र केबल तपासण्यात जाते. केबलला काही झालेलंच नसतं.” त्याने त्या दोन कप्प्यांभोवती पेनने गोल काढले आणि एक बाण उलटा फिरवला. दुरुस्ती एवढीच होती. मापकांची परंपरा याच शहरात मोठी आहे. एन्ड्रेस-हाउजरसारख्या स्विस कंपनीचे कारखाने वाळूजला आहेत आणि इथे घडलेली प्रवाहमापके व पातळीमापके दूरदूर जातात. तरीही मापकाच्या अचूकतेचा सगळा अट्टहास दोन कप्प्यांच्या क्रमापाशी व्यर्थ होऊ शकतो.

जुन्या ओपीसीचा दुसरा दोष तिच्या आश्रयदात्याकडून आला. ती डीकॉम या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवरून दोन संगणकांमध्ये चाले, आणि डीकॉमच्या परवानग्यांचा मामला एवढा गुंतागुंतीचा होता की पुष्कळ ठिकाणी थकलेला अभियंता सगळी दारे सताड उघडून घरी जाई. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेने ती दारे आपल्या बाजूने लावून घेतली आणि जगभरचे चालू दुवे तुटले. जून २०२१ पासून मायक्रोसॉफ्टने डीकॉमची आणखी कडक तटबंदी टप्प्याटप्प्याने सुरू केली व १४ मार्च २०२३ नंतर ती टाळण्याची मुभाच उरली नाही. त्या सुमारास औद्योगिक वसाहतींतून जुन्या सर्व्हरवाल्यांना आलेली कळा ज्यांनी भोगली त्यांना ती तारीख सांगावी लागत नाही.

या सगळ्यातून सुटका म्हणून ओपीसी फाउंडेशनने विंडोजचा आधार सोडून नवी मांडणी केली. २००६ पासून प्रसिद्ध होत गेलेली आणि पुढे आयईसी ६२५४१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झालेली ही ओपीसी यूए. हिच्यात सुटे टॅग मागे पडले आणि वस्तू पुढे आली. पूर्वी जायकवाडीच्या पंपाविषयी दुसऱ्या आज्ञावलीला सांगायचे म्हणजे चालू-बंद, दाब, प्रवाह, तापमान, वीज असे वेगवेगळे टॅग वेगवेगळ्या नावांनी द्यावे लागत आणि ते एकाच पंपाचे आहेत हे नावांच्या साम्यावरून ताडावे लागे. आता ‘पंप’ ही एक वस्तू दिली जाते, तिच्या पोटात तिची मापे, त्या मापांची परिमाणे, त्यांच्या वरच्या-खालच्या मर्यादा, आणि ‘सुरू हो’ यासारख्या कृती अशा सगळ्या बांधलेल्या असतात. मागणारी आज्ञावली आधी विचारू शकते की तुझ्याकडे कायकाय आहे, आणि त्या वस्तूचा प्रकार ओळखू शकते. जर्मनीतल्या व्हीडीएमए या यंत्रउद्योगांच्या संघाने पंपांसाठी असा समान प्रकार २०२१ साली मुक्रर केला, म्हणजे कोणत्याही कंपनीचा पंप असो, त्याचा प्रवाह त्याच जागी आणि परिमाणासह सापडावा. आरंभी ज्या पाच परिमाणांचा उल्लेख केला त्यांची अडचण इथे निदान तत्त्वतः संपते. १४० च्या अंगावर तो कशाचा हे लिहिलेले असते.

या मांडणीतली एक बारकाई या शहराच्या रहिवाशाला विशेष पटेल. यूएमध्ये प्रत्येक वस्तूला एक ओळखक्रमांक असतो आणि त्याहून स्वतंत्र असे एक दर्शनी नाव. दर्शनी नाव भाषेगणिक वेगळे ठेवता येते, मराठीतही, आणि ते बदलले तरी ओळखक्रमांक व त्यावर बेतलेले सगळे दुवे अबाधित राहतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलले तेव्हा ज्या आज्ञावल्यांनी नावालाच ओळख मानले होते त्यांच्यापुढे पाटी बदलायची की इतिहास तोडायचा असा पेच असणार, कारण टॅगचे नाव बदलले की कालपर्यंतच्या नोंदींचा आलेख तिथेच थांबतो आणि आज नवा सुरू होतो. नाव आणि ओळख वेगळी ठेवणाऱ्याला तो पडत नाही.

आकडा देण्याची सोय झाली की तो मध्येच बदलण्याचीही होते. जून २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने जे केले ते या विषयाच्या गाभ्याशी भिडते: सीमेन्सच्या आज्ञावली आणि पीएलसी यांच्या मधोमध जी सामायिक फाइल देवाणघेवाण करी तिच्या जागी त्याने स्वतःची फाइल बसवली, यंत्र सुरळीत असतानाचे आकडे टिपून ठेवले, आणि पुढे यंत्राचा नाश चालू असताना तेच जुने आकडे पर्यवेक्षकाला दाखवीत राहिला. पडदा हिरवाच होता. तेव्हापासून दोन आज्ञावल्यांमध्ये ओळखपत्र आणि सही यांची देवघेव झाल्यावाचून आकडा घेऊ नये हा विचार रूढ झाला. यूएमध्ये तशी तरतूद आहे, फक्त ती चालू करावी लागते. औषधांच्या कारखान्यांना ही सावधगिरी आधीच शिकावी लागली होती. अमेरिकेला माल धाडणाऱ्या इथल्या कारखान्यांवर तिथल्या औषध प्रशासनाचा ‘भाग अकरा’ ऑगस्ट १९९७ पासून लागू आहे. कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला याची पुसता न येणारी नोंद तो मागतो. पाण्याच्या हिशेबाला असा कोणी परदेशी तपासनीस नाही.

आणि तो हिशेब काही कमी जोखमीचा नाही. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्राप्रमाणे पावसाळा संपताना, १५ ऑक्टोबरच्या सुमारास, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. या धरणाचा एक टक्का म्हणजे २१.७ दलघमी. शहराचा रोजचा उपसा दीडशे दशलक्ष लिटर धरला तर तेवढे पाणी, बाष्पीभवन वजा न करता, जवळजवळ पावणेपाच महिने पुरेल. आता हा टक्का काढतात कसा? जलाशयाची पातळी मोजतात आणि क्षमतेच्या तक्त्यावरून साठा वाचतात. पूर्ण भरलेल्या नाथसागराचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, तेव्हा पातळीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर साठ्यात साडेतीन दलघमींची होते. आणि जो तक्ता एका खात्याच्या संगणकात आहे तोच दुसऱ्याच्या संगणकात असेल याची हमी कोणतीही तार देत नाही. धरणात गाळ साठतो, तक्ते सुधारले जातात. एकाकडे नवा तक्ता, एकाकडे जुना, पातळी दोघांकडे अगदी एकच, आणि साठा मात्र वेगळा. अशा वेळी दोन्ही आज्ञावल्या खरे बोलत असतात. त्यातला कोणता आकडा दप्तरी धरायचा हे सांगणारा माणूस नेमलेला नसेल तर उत्तमातला उत्तम यूए सर्व्हरही काही करू शकत नाही.

शेंद्र्याला ऑरिकची आखणी करताना हे थोडे आधी ध्यानात घेतले गेले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांच्या या औद्योगिक नगरीत पाणी, वीज, सांडपाणी यांचे पर्यवेक्षण एका जागेहून व्हावे असे मुळातच ठरले होते आणि ज्या ऑरिक हॉलचे उद्‌घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले तो त्या योजनेचा भाग. कोऱ्या माळरानावर हे जमते. एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी २०२४ साली इथे येण्याचे जाहीर केले; अशा कारखान्यांची यंत्रे पहिल्या दिवसापासून वस्तूंच्या भाषेत बोलतील. वाळूजचे तसे नाही. तिथे एकाच भिंतीमागे १९९० च्या दशकातला पीएलसी, त्यावर २००५ चा ओपीसी सर्व्हर, त्यावर डीकॉम टाळण्यासाठी बसवलेला गेटवे, आणि सर्वांत वर मोबाइलवर दिसणारा रंगीत डॅशबोर्ड असे थर आहेत. खालचा थर बदलायचा तर उत्पादन थांबवावे लागते, म्हणून नवे सगळे वरून चढते.

त्या थरांचे नकाशे बहुधा कारखान्याकडे नसतात. ते असतात ज्याने काम केले त्या पुरवठादाराच्या लॅपटॉपवर, आणि त्याचा माणूस दोन वर्षांत पुण्याला नोकरी धरतो. टॅगची यादी, कप्प्यांचे क्रमांक, परिमाणे, सर्व्हरचा पासवर्ड यांवाचून नवा पुरवठादार जुन्या आकड्यांना हात लावू शकत नाही, आणि जुना हे जाणून असतो; दुसऱ्या आज्ञावलीला आकडे द्यायचे म्हटले की तो टॅगमागे परवान्याचा दर सांगतो. वर ज्या कारखान्याच्या पडद्यांविषयी लिहिले तिथल्या देखभाल-प्रमुखाने यावर जो उपाय काढला आहे तो कोणत्याही मानकात नाही. कामाच्या अखेरच्या बिलावर सही करण्यापूर्वी तो पुरवठादाराच्या अभियंत्याला समोर बसवतो, टॅगची यादी छापून मागतो, तिच्यातले कोणतेही दहा टॅग स्वतः निवडतो आणि प्रत्येकासाठी मापकाची तार पॅनेलमधून काढून पडद्यावर काय दिसते ते पाहतो. आकडा करडा झाला, शेरा उमटला, तर यादीवर बरोबरची खूण. हिरवा राहिला तर बिल परत मेजाच्या खणात. मी गेलो तेव्हा त्या खणात एक बिल पडून होते. किती दिवसांपासून, असे विचारल्यावर तो म्हणाला, “त्यांना विचारा, सर. रोज फोन त्यांचाच येतो.”